इंटरवलच्या आधी मरणारा साहेब

विलास : ...आणि इथं थांबवायचं. बघ, काका घोड्यावरून पडले, टोपी लोळत गेली, तिथंच स्क्रीन काळी. मग फोटो, नाव, दोन मिनिटं मौन. लोक रडतील शर्वरी, मी सांगतो तुला.

शर्वरी : पुन्हा दाखवा.

विलास : हे घे.

शर्वरी : यात गोळी लागते. याच्या आधी?

विलास : आधी तलवार. त्याच्या आधी ती विहीर. सगळ्या सिनेमांतले तुकडे जोडून एक माळच करवून घेतली. रविवारी नाटक तर आता होणार नाही, त्याच्या जागी ही लावायची. कमिटीत ठरलं तसं.

शर्वरी : विलासदादा, बाबांना जाऊन आठ दिवस झालेत. आणि तुम्ही बरखेड्याच्या हॉलमध्ये, सगळ्या मराठी मंडळासमोर, त्यांना ओळीनं मारून दाखवणार?

विलास : अरे... मतलब... तसं कुठं...

शर्वरी : विहिरीत ढकलतात तेव्हा थिएटरात टाळ्या पडायच्या. रविवारीही पडतील. लोकांना सवय आहे.

विलास : हे डोक्यातच नाही आलं.

शर्वरी : अख्ख्या कमिटीत कुणाच्याच?

विलास : अब देख, पाहुणे बाहेरचे आहेत. त्यांना डेनिसकाका सिनेमातूनच ठाऊक. सगळ्या भोपाळलाच तसे ठाऊक. बिट्टन मार्केटच्या हाटात भाजीवाले नाही ओरडायचे? 'डेनिस साब, आज फिर मर गए क्या?' आणि काका काय म्हणायचे, 'हाँ भैया, इंटरवल से पहले!' काय हसायचे सगळे.

शर्वरी : बाबाही हसायचे. मेथीची एक जुडी फुकट मिळायची. मग घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवायचे आणि आईला विचारायचे, 'मंदा, मला कुणी साधा म्हातारा करायला देईल का?'

विलास : दिला ना मी शेवटी!

शर्वरी : पंचवीस वर्षांनी. तोपर्यंत काय? कलेक्टरसाहेब, जज्जसाहेब, पादरी, आणि परत गोरा साहेब.

विलास : स्पर्धेत परीक्षक उच्चारांचे गुण कापायचे गं. मी काय करणार? 'ळ'चा प्रश्न होता.

शर्वरी : 'ळ' त्यांना मी शाळेत असतानाच आला होता. आंघोळ करताना मोठ्यानं म्हणायचे, बाळ, केळ, टाळ, गोंधळ. शेजारच्या शशिकलाकाकू विचारायच्या, तुमच्याकडे रोज सकाळी कसली पूजा असते?

विलास : (हसतो) हो, मला पण म्हणून दाखवायचे.

शर्वरी : ऐकून तुम्ही पुन्हा साहेबच द्यायचात.

विलास : असं नको ना बोलू. मला काही वाटत नसेल का? नाटक मी लिहिलंय. नाना त्यांच्यासाठीच लिहिला.

शर्वरी : मग त्या नानांसाठी भांडा की. उन्हाळ्यापासून तालीम करत होते ते. रिटायर झालेला रेल्वे गार्ड. पायजमा, बंडी, अंगणात वेताची खुर्ची. बूट नाहीत, टोपी नाही, हातात चाबूक नाही. मुलं न्यायला येतात आणि हा म्हातारा घर सोडत नाही, एवढंच नाटक. आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या पडद्यापर्यंत जिवंत राहणार होते माझे बाबा. तेवढं पुसून तुम्ही परत तो घोड्यावरचा साहेब काढताय. मी नाही काढू देणार.

विलास : मग काय करू सांग. परवा रविवार. नाना कुठून आणू? दोन अंक पाठ करणारा म्हातारा मंडळात उरलाय कोण? सुरेशरावांना तर आपला फोन नंबर आठवत नाही.

शर्वरी : मी करते.

विलास : तू?

शर्वरी : मिशा लावा, बंडी घाला, काय वाटेल ते करा. रात्री जेवण झालं की बाबा मला पुण्याला फोन करायचे आणि संवाद म्हणून दाखवायचे. मला येतात.

विलास : सगळे?

शर्वरी : पहिला अंक येतो. दुसऱ्यातले... बरेचसे.

विलास : शर्वरी, खामखा हट्ट आहे हा. तू भोपाळची म्हणून लोक गप्प आहेत. मुलीनं अग्नी दिला त्यावरच घाटावर कुजबुज झाली. अजून तेरावं व्हायचंय. स्टेजवर नटराज मांडलेला असतो, पूजा होते, नारळ फुटतो. सुतकात तिथं...

मंदाकिनी : नारळ तू फोड. तुला कुठं सूतक आहे?

विलास : काकू! तुम्ही झोपला होतात ना?

मंदाकिनी : झोपले होते. मग माझा नवरा घोड्यावरून पडला. बंद कर तो मोबाइल.

विलास : सॉरी, काकू. आवाज मोठा होता.

मंदाकिनी : गोळी लागायच्या आधीच पडतो तो त्यात, बघितलं का नीट? घोड्याला फार भ्यायचा. डायरेक्टर म्हणाला, वा, काय नैसर्गिक पडलात!

शर्वरी : आई, तू पड जरा. मी बोलतेय दादांशी.

मंदाकिनी : ऐकलं मी. तुझा आवाज बापावर गेलाय, भिंतीपलीकडे जातो. विलास, बस. उभा राहून काय बोलून राहिलास? सातवीत माझ्या वर्गात पण असाच उभा राहायचास, चूक केली की.

विलास : बसतो.

मंदाकिनी : डेनिसनं तुला त्याच्या गावचं सांगितलं होतं? समुद्राकाठचं ते?

विलास : हो, जिथं दर सोमवारी नवीन नाटक लागायचं.

मंदाकिनी : दर सोमवारी. हिवाळ्यात प्रेक्षक म्हणजे दहा-बारा माणसं आणि एक कुत्रं. कुत्र्याला शेवटचा अंक आवडायचा म्हणे. तिथून हा लंडनला गेला. मोठ्या थेटरात लागला म्हणून आईनं गावभर सांगितलं. लागला कशावर? बदली नट म्हणून. मोठ्या नटाचे सगळे संवाद पाठ करायचे, त्याच्यासारखा कोट आपल्या मापाचा शिवून ठेवायचा आणि रोज विंगेत बसायचं. तो आजारी पडला तर आपण उभं राहायचं.

विलास : मग?

मंदाकिनी : मग काय बाप्पा, सहा वर्षं बसला. तो मेला माणूस एकदा शिंकलासुद्धा नाही.

शर्वरी : सिनेमात होते ना तेव्हा.

मंदाकिनी : होडीत. पाठमोरा. त्याची आई पुन्हा पुन्हा तिकीट काढून जायची, पोराची पाठ बघायला. मग ते इकडचं शूटिंग निघालं. भोपाळच्या तलावाकाठी गोऱ्यांचे तंबू पडले. मला बोलावलं उच्चार शिकवायला. ह्याच्या तोंडी हिंदीची दोनच वाक्यं होती, 'कौन है वहाँ' आणि 'पकड़ो उसे'. त्यासाठी हा रोज तासभर शिकायचा. पुढं पैसे संपले, सिनेमा बुडाला, तंबू उठले. ह्याला कावीळ झालेली, हा राहिला. आमच्या आईनं मुगाचं पातळ वरण खाऊ घालून उठवला. हिंदी शिकवायला गेले होते मी, आणि हा आमच्या स्वयंपाकघरात बसून मराठी शिकला.

विलास : काकू, हे तर तुम्हीच रविवारी सांगा ना! स्टेजवर खुर्ची ठेवतो, माइक देतो...

मंदाकिनी : खुर्ची ठेव. वेताची. माइक नको. नाना मी करते.

शर्वरी : काय?

मंदाकिनी : तुला पहिलाच अंक येतो. मला दोन्ही येतात. इतकी वर्षं ह्याच्या प्रत्येक नाटकाला विंगेत कोण बसलं? संहिता हातात असायची, पण डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्या अंधारात मला अक्षर दिसत नाही. हे कुणाला सांगितलं नव्हतं. डेनिसलासुद्धा.

विलास : न बघता प्रॉम्प्टिंग करत होतात?

मंदाकिनी : तो अडकला की मी बोलत होते. कुठं चुकले का कधी?

विलास : नाही. पण काकू, नाना पुरुष आहे.

मंदाकिनी : मग त्याला आत पाठव. तुझ्या नाटकात नाना सगळं कुणाशी बोलतो? स्वयंपाकघराकडे तोंड करून नानीशी. नानी दिसते का एकदा तरी? ती आत आहे आणि तिची कपबशी वाजते, बस. उलटं करू. नानी अंगणात, नाना आत. मुलं तिला न्यायला आलीत आणि ती जात नाही. तुझी वाक्यं तीच राहतील. कुठं क्रियापदाचं शेपूट बदलायचं ते मी बदलीन.

विलास : हे... थांबा. हे जमतं. अरे यार. जमतं हे, काकू.

शर्वरी : जमतं काय? आई, तू आठ दिवस धड जेवली नाहीस. तुझं बी.पी. बघितलंस सकाळी? आणि तू विधवा बाई... लोक काय म्हणतील?

विलास : घ्या! मी मघापासून दुसरं काय बोलत होतो?

शर्वरी : तुम्ही थांबा.

मंदाकिनी : तुझ्या आजोबांनी हेच विचारलं होतं मला. सरकारी क्वार्टर, चारी बाजूंनी नागपूरहून आलेले, प्रत्येकाच्या खिडकीला कान. 'मंदे, लोक काय म्हणतील?' मी म्हटलं, बाबा, मराठीत म्हणतील की इंग्रजीत, तेवढं विचारून ठेवा. त्याला एकच भाषा येते सध्या.

शर्वरी : तेव्हा तू पंचविशीत होतीस.

मंदाकिनी : आणि तू आत्ता, मी यायच्या आधी, काय म्हणत होतीस? 'नाही काढू देणार.' ते फक्त तुलाच म्हणता येतं का?

शर्वरी : मी तुझ्या काळजीनं म्हणतेय गं.

मंदाकिनी : कळतं मला. इकडे बस. तू त्याला समोरून पाहिलंस. विलासनं पाहिलं, भाजीवाल्यांनी पाहिलं. मी नाही पाहिलं. मी कायम उजव्या विंगेत. मला एक कान दिसायचा, अर्धं नाक, आणि घामानं ओली झालेली कॉलर. एवढाच नवरा.

शर्वरी : आई...

मंदाकिनी : या नाटकात मात्र तो सारखी मान वळवायचा. नानीशी बोलायचं म्हणून सरळ माझ्याकडे बघायचा. तालमीला विलास ओरडला पण एकदा, काका, इतकं आत नका बघू, चेहरा प्रेक्षकांना द्या.

विलास : ओरडलो होतो.

मंदाकिनी : त्यानं ऐकलं नाही. त्याला तिथून काय दिसायचं, ते मला बघायचंय. त्याच्या खुर्चीवर बसून. एकदाच.

शर्वरी : आणि सूतक?

मंदाकिनी : देवघरात मी जात नाहीये, दिवा शेजारची प्रतिभा लावते. तेरावं यथासांग करू, गूळ-खोबरंही वाटू. पण रविवार त्याचा आहे.

विलास : कमिटीला काय सांगू?

मंदाकिनी : सांग, नटाला यायला जमत नाही, बदली नट उभा केलाय.

विलास : आणि नाव? पत्रिका छापून आल्यात. 'नाना : डेनिस ऍशबी.'

शर्वरी : तसंच राहू द्या.

विलास : पण नाना तर आता आत...

शर्वरी : आतच असतील ना. मग नाव कशाला खोडायचं?

विलास : बरं. आणि ही माळ? पुसून टाकू?

मंदाकिनी : पुसू नको. मला पाठवून दे. घोडा सुंदर होता तो.

विलास : कुणी उठून गेलं ना काकू रविवारी, तर मी दारात उभा राहीन. नाव घेऊन विचारीन, कुठं चाललात?

मंदाकिनी : जाऊ दे जाणाऱ्याला. कुत्रं बसलं तरी चालेल. त्याच्या गावी चालायचं.

शर्वरी : विंगेत कोण बसणार मग?

मंदाकिनी : तूच. संहिता घेऊन बस. मी चुकले तर सांग, पण दबक्या आवाजात. आणि चुकले नाही तर गप्प बस, तेच कठीण असतं. विलास, ती खुर्ची ओढ इकडे. आणखी इकडे. शर्वरी, स्वयंपाकघरात जा. फडताळात वरच्या फळीवर त्याची निळी कपबशी आहे, ती घे. दुसरी नको.

शर्वरी : आत्ता?

मंदाकिनी : मग केव्हा? रविवार काय थांबतो? शेवटचा प्रवेश घेऊ. मुलं सामान बांधून दारात उभी आहेत. विलास, तू मुलं.

विलास : 'आई, गाडी आलीय. चल आता. इथं तुझं कोण आहे?'

मंदाकिनी : 'अहो, ऐकलंत का? पोरं मला न्यायला आलीत. विचारतायत, इथं माझं कोण आहे. सांगा त्यांना.'

विलास : (स्वयंपाकघराकडे बघत) शर्वरी. कपबशी वाजव. शर्वरी?

शर्वरी : हो. हो, वाजवते. ही घ्या.

मंदाकिनी : डोळे पूस आणि परत घे. नाना इतका उशीर लावत नाहीत.