तीन बोटं आत

सूनबाई : आई, अजून सहा परिच्छेद आहेत. वाचू, की आधी चहा टाकू?

मी : वाच. आत्ताच म्हणाला ना, विस्तारभयास्तव इथेच थांबतो?

सूनबाई : म्हणाला. त्याच्यापुढे लिहिलंय, ‘तथापि’.

मी : या तथापिवाल्याला घरात कोणी बोलू देत नसणार. आहे कोण हा मेला?

सूनबाई : नाव लावलंय ‘सरळ बॅट’. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. तीन दिवसांत दोनशे बारा संदेश झालेत क्लबच्या ग्रुपवर, त्यातले साठ याचे एकट्याचे.

मी : आणि ते नियम काय झाले? वर चिकटवून ठेवलेत ते?

सूनबाई : पाच ओळींच्या वर लिहू नये. एका वेळी एकच मुद्दा मांडावा. आवाज भरून पाठवू नये. कुणी एकेरीवर येऊ नये.

मी : म्हणून सुरुवात ‘सन्माननीय’नं करायची आणि तिसऱ्या ओळीत त्या माणसाची अक्कल काढायची. अहो-जाहो लावून शिवी दिली की ती शिवी राहत नाही, असं वाटतं यांना. बरं, मुद्द्याचं काय ते सांग. तथापि गाळून.

सूनबाई : त्यानं त्या फायनलचा जुना फोटो टाकलाय. आपला फलंदाज धावत पोचलाय, बॅटचं टोक पांढऱ्या रेघेवर आहे, बेल्स उडाल्यात. यानं त्या फोटोला पट्टी लावून, स्टंपच्या उंचीवरून मोजमाप काढलंय. म्हणतो, बॅट स्टंपपासून चार फुटांच्या आत आहे, म्हणजे फलंदाज आत पोचला होता. पंचकाकांनी मुद्दाम बाद दिला आणि क्लब एका धावेनं हरला.

मी : एकतीस वर्षं झाली त्याला.

सूनबाई : आता उकरून काढायचं कारण म्हणजे तो नवा धावफलक. उद्या उघडायचाय ना. त्याच्यावर पंचकाकांचं नाव घालायचं ठरलं होतं. आता मतं मागवलीत, नाव ठेवायचं की काढायचं. आज दुपारी बारापर्यंत.

मी : किती झाली?

सूनबाई : काढा म्हणणारे एकशे चाळीस. ठेवा म्हणणारे बावन्न.

मी : आणि पंच काय म्हणतात?

सूनबाई : तीन दिवस एक अक्षर नाही. आज सकाळी एवढंच लिहिलं. ‘नाव काढावे. माझी हरकत नाही. वाद मात्र थांबवावा.’

मी : हं. त्या दारामागची काठी आण.

सूनबाई : ही? रंगाचे डाग पडलेली?

मी : तीच. आता खाली बस आणि बघ. हे टोक मधल्या स्टंपला लावायचं. दुसरं टोक जिथे टेकेल तिथे बरोबर चार फूट. चुन्याची फक्की मारायची ती या टोकाच्या बाहेर. म्हणजे रेघेची आतली कड चार फुटांवर येते. बॅट ती कड ओलांडून आत आली तरच माणूस आत. रेघेवर राहिली तर बाहेर.

सूनबाई : मग फोटोत तर बॅट रेघेवर आहे. पंचकाकांचं बरोबरच आहे की.

मी : पंचांचं बरोबर आहे. आणि तुझ्या तथापिवाल्याचंही बरोबर आहे.

सूनबाई : दोघांचं कसं बरोबर असेल, आई?

मी : मैदान तेव्हा तुझे सासरे सांभाळायचे, आणि त्या दिवशी सकाळी त्यांना सणसणून ताप होता. रेघ मी मारली. काठी बरोबर लावली, आणि फक्की टाकली टोकाच्या आत. रेघच्या रेघ तीन बोटं स्टंपकडे सरकली. संध्याकाळी सगळे गेल्यावर काठी लावून बघितली तेव्हा चूक कळली.

(मुलगा गवत कापायचं यंत्र दाराबाहेर लावून आत येतो.)

मुलगा : कसली चूक? आणि ती काठी कशाला काढलीय? त्या काठीवर माझा जुना राग आहे.

सूनबाई : अहो, तुम्ही जरा बसा.

मुलगा : मी सात वर्षांचा होतो. त्याच फायनलच्या संध्याकाळी काठी अंगणात पडलेली दिसली, तर हिनं मला बडवला. हात लावला नव्हता मी.

मी : लावला नव्हता तर काठी काय चालत गेली होती? पुरे ते. मी ग्रुपवर लिहिणार आहे. रेघ मी चुकवली होती म्हणून.

मुलगा : काय? आई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

मी : आहे. म्हणून तर लिहितेय.

मुलगा : पुढच्या आठवड्यात कमिटी बसणार आहे. मैदान माझ्याकडे ठेवायचं की बाहेरचा माणूस आणायचा, हे ठरणार आहे. आणि तू सांगणार, आमच्या घरात रेघ मारता येत नव्हती? हा सरळ बॅट त्याच्यावर वीस परिच्छेद लिहील!

मी : लिहू दे. तुझी रेघ चुकते का?

मुलगा : नाही.

मी : मग तुला कसली भीती? कमिटी बसेल तेव्हा काठी दे त्यांच्या हातात. म्हणावं, मोजा.

मुलगा : आणि बाबांचं नाव?

मी : त्यांचं काय जातंय? ते तापानं फणफणत होते. त्यांना मरेपर्यंत कळू दिलं नाही मी. नाव जाईल ते माझं. एकतीस वर्षं या मैदानावर येणाऱ्या-जाणाऱ्याला मीच ऐकवत आले, माझ्या हातची रेघ कधी चुकली नाही म्हणून. आणि त्या माणसाला फळवाल्याच्या दुकानातही लोक विचारतात, ‘काय पंच, किती घेतले होते?’ मी मागे उभी होते. ऐकलं, पिशवी उचलली आणि घरी आले. दोनदा.

मुलगा : तेव्हा गप्प बसलीस, मग आता कशाला?

मी : तेव्हा तू लहान होतास आणि ही खोली क्लबची होती. आता तू मोठा आहेस. खोली अजून क्लबचीच आहे, पण मला आता हाकलून नेणार कुठे? किती वाजले?

सूनबाई : बाराला वीस कमी.

मी : घे लिहायला. मी सांगते तसंच लिही. शब्द फिरवू नकोस.

सूनबाई : वर ‘सविनय नमस्कार’ घालू?

मी : कशाला? तीन दिवस नमस्कार घालूनच एकमेकांना सोलताहेत. लिही. मी मैदानवाली. त्या दिवशी यांना ताप होता, रेघ मी मारली. काठीच्या बाहेर मारायची ती आत मारली, तीन बोटं.

सूनबाई : तीन बोटं. पुढे?

मी : फोटोवाल्यांचं माप खरं आहे. पंचांनी दिसली त्या रेघेवर बाद दिला, तेही खरं आहे. चूक माझी एकटीची. नाव काढायचंच तर माझं काढा, पण ते कुठे लावलेलंच नाही. झालं. किती ओळी झाल्या?

सूनबाई : पाच.

मी : बघ. नियमात बसतं सगळं, मनात असलं की.

मुलगा : आई, अजून विचार कर.

मी : एकतीस वर्षं विचारच केला. सरक. बटण मी दाबणार. कुठलं ते?

सूनबाई : हा बाण. हळूच... गेलं, आई.

मुलगा : आता बघ गंमत.

सूनबाई : वाचताहेत सगळे. ‘सरळ बॅट’ लिहितोय असं दिसतंय.

मी : लिहिणारच. तथापि असेल.

सूनबाई : अजून लिहितोय... थांबला. पुसलं वाटतं.

मुलगा : मतं बघ गं.

सूनबाई : ठेवा म्हणणारे साठ झाले. अडुसष्ट. अहो, लोक मत बदलताहेत... थांबा, पंचकाकांचं आलंय.

मी : वाच.

सूनबाई : ‘बाई, आपण उगाच लिहिलंत. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.’

मी : काय?

सूनबाई : ‘मनात शंका आली म्हणून परत आलो होतो. दार उघडं होतं, आत यजमान तापात पडलेले. दारामागची काठी घेतली आणि मोजून आलो. घरात आजारपण, तेव्हा कुणाला काय सांगायचं? रेघ आत होती, पण सरळ होती. काठी तेवढी जागेवर ठेवायची राहिली. क्षमा असावी.’

मुलगा : आई.

मी : ऐकलं.

मुलगा : मी काठीला हात लावला नव्हता.

मी : नव्हता रे. ये इकडे. बस जरा माझ्याजवळ.