गच्चीवरचं खाचर

(धरणाच्या कामगारांसाठी बांधलेल्या आणि काम संपल्यावर कुलपात पडलेल्या वसाहतीची गच्ची. सकाळ. खाली अंगणात मांडव.)

धनाजी : आणि पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी मान वर केली तर काय सांगू? बेघरांसाठी खोल्या दुरुस्त केल्या, आणि आमच्या बायांनी त्यांच्या डोक्यावर भात लावलाय?

माधुरी : भात नाही लावला. पाणी तुंबवलंय. एकेका खोलीवर एकेक खाचर, चारी बाजूंनी मातीचा बांध. परवापासून पाणी उभं आहे. खाली छत कोरडं राहिलं तर ताबा घ्यायचा, नाहीतर नाही. एवढंच सांगा साहेबांना.

धनाजी : इंजिनियरनं तपासलंय, ताई. लिहून दिलंय त्यानं.

माधुरी : उन्हाळ्यात तपासलंय. उन्हाळ्यात माझी चाळणसुद्धा गळत नाही.

धनाजी : हसलो असतो, पण वेळ न्हाई. तासाभरात ग्रामसभा. मांडव घातलाय, हार आणलेत, चाव्यांना लाल फिती बांधल्यात. देखरेख समितीच्या अध्यक्ष म्हणून तुमी उभं राहायचं, काम नीट झालंय म्हणायचं आणि खाली बसायचं. एका वाक्याचं काम.

माधुरी : गावानं मला त्या एका वाक्यासाठीच निवडलंय, उपसरपंच.

धनाजी : मग बोला की! मी आत्ता सगळ्या खोल्या फिरून आलो. स्टुलावर चढून छताला हात लावला. ठकुबाईची कोरडी. तुमच्या आत्याची, ती कोपऱ्यातली, ती पण खडखडीत.

माधुरी : आत्याची कोरडीच असणार. जरा इकडं या. तिच्या खोलीवरचं खाचर बघा.

धनाजी : आटलंय.

माधुरी : शेजारचं काठोकाठ आहे, आणि हेच तेवढं आटलं? नीट बघा. या कोपऱ्यात बांध फोडलाय. पाणी पन्हळीतून खाली गेलंय.

धनाजी : माझ्याकडं काय बघताय?

माधुरी : काल ठेकेदाराचा मुकादम तुमच्या गाडीवर मागं बसून गेला.

धनाजी : मार्गासनीला सोडला त्याला, एसटीसाठी! माणुसकी पण समितीला विचारून करायची का आता?

माधुरी : मी नुसतं विचारलं.

धनाजी : न्हाई, तुमी आरोप केला. आणि मला तो लागला. ही कुलपं काढायला मी किती वर्षं पुण्याच्या वाऱ्या केल्या, तुमाला ठाऊक हाय. आत वटवाघळं होती. दारं काढून लोकांनी चुलीत घातली होती. भोर आणि वेल्ह्यात अशा किती वसाहती नुसत्या पडून आहेत, जाऊन बघा. एकीतच माणसं राहायला येतायत. ही. आणि मी रात्रीचा येऊन बांध फोडू?

माधुरी : मग कोणी फोडला?

धनाजी : मी फोडला असता तर लाथ घालून फोडला असता. हे बघा की जरा. काय निगुतीनं केलंय! तोंडाशी चपटा दगड बसवलाय, त्यावर गवताची मूठ दाबलीय. पाणी जावं, पण माती जाऊ नये. मुकादमाच्या बापाला सुचेल का हे? जन्मभर दुसऱ्याच्या खाचरात राबलेल्या माणसाचा हात हाय हा.

माधुरी : (वाकून गवताची मूठ चाचपत) खरंय, हे मुकादमाचं काम नाही.

धनाजी : मग कोणाचं?

माधुरी : सांगते नंतर.

गीताबाई : (जिन्यातून) अगं, वर हाय का गं तू? चहा आनलाय. निवला तर परत न्हाई करायची म्या.

माधुरी : आहे आत्या. या.

धनाजी : जय भीम, मावशी. बरं झालं आलात. तुमीच सांगा हिला. आज तुमचा गृहप्रवेश, आणि तुमची भाची बांधाला दगड कोणी लावला ते शोधत बसलीय.

गीताबाई : दगड? कसला दगड?

माधुरी : हा, आत्या.

गीताबाई : असंल कुनाचा तरी. खेकड्यानं पाडलं आसंल भोक.

धनाजी : गच्चीवर खेकडा?

माधुरी : आणि खेकड्यानं वर गवत पण दाबलं?

गीताबाई : चहा घ्या आधी.

माधुरी : काल तुम्ही खोली बघायला आला होता. फोटो कुठं लावायचा ते ठरवायला.

गीताबाई : व्हय. बुद्धांचा आनि बाबासाहेबांचा. दारातनं शिरलं की समोर दिसंल असा.

माधुरी : मग?

गीताबाई : मग काय. ठरवलं आनि गेले.

माधुरी : आत्या, माझं लग्न जमवून मला या गावात तुम्ही आणलंत. माझ्याशी खोटं बोलताना तुम्ही पदर चावता, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

गीताबाई : न्हाई चावत.

धनाजी : चावताय, मावशी.

गीताबाई : ...म्या फोडला. झालं? म्याच फोडला. आता काय फाशी देतीस?

धनाजी : तुमी? अहो, तुमच्याच खोलीवरचा?

गीताबाई : माझ्याच खोलीवरचा. दुसऱ्याच्या बांधाला हात न्हाई लावला. पानी टपकत व्हतं आत. म्या म्हनलं, ही बघनार, आनि ही काय गप बसनारी न्हवं. शाळेत मास्तरांनी पोरांना खिचडी कमी वाढली तर ही जाब विचारायला जाती. ही उभी राहून म्हननार, गळतंय. आनि चाव्या चालल्या परत वेल्ह्याला, साहेबांच्या हापिसात.

माधुरी : वेल्ह्याला नाही जाणार. ठेकेदाराकडून दुरुस्ती होईपर्यंत थांबतील. आज आपण गळतंय म्हणालो, तर त्याला स्वतःच्या खर्चानं करून द्यावं लागतं. ताबा घेतला की गळती आपली.

गीताबाई : आनि किती थांबायचं? पाऊस आलाय तोंडावर. घराची भिंत पडल्यापासनं त्या पत्र्याच्या शेडात हाय म्या. रात्रभर भांडी सरकवत बसते, हितनं तितं, तितनं हितं. आगं, तितं सगळीकडनं गळतंय. हितं एकाच कोपऱ्यात! मला चालतंय. राहनार म्या हाय ना? माझी तक्रार न्हाई. मग तुझी कशापायी?

धनाजी : ऐका, ताई. हे खरं बोलणं हाय.

माधुरी : तुम्ही थांबा.

धनाजी : न्हाई थांबत. एका कोपऱ्यासाठी सगळ्यांचा ताबा अडकवायचा? ठेकेदार उद्या फोन बंद करून बसला तर? खातं म्हणेल, गावालाच नको असेल तर लावा कुलूप. ते एकदा लागलं की तुमची माझी पोरं म्हातारी होतील, उघडायचं न्हाई. त्यापेक्षा आज चाव्या घेऊ. मावशीच्या खोलीला मी स्वतः डांबर आणून मारतो. शब्द देतो.

गीताबाई : बघ, शब्द देतोय तो.

माधुरी : आणि मी खाली जाऊन काय म्हणू? सगळं पाहिलं, सगळं कोरडं?

धनाजी : कोरडंच हाय की आत्ता.

माधुरी : उपसरपंच, शेडात गळतं ते आत्याचं नशीब म्हणून आपण सोडून दिलं. ही घरं आपल्याला कोरडी म्हणून देतायत. गळकी आहेत हे माहीत असून मी कोरडी म्हणाले, तर समितीत माझ्या जागी तो मुकादम बसला काय आणि मी बसले काय.

गीताबाई : भाषन नको करू. माझं काय ते बोल.

माधुरी : तुमचंच बोलते. बांध कोणी फोडला, ते मी सभेत सांगणार नाही. पण ताबा घ्यायला हातही वर करणार नाही. आत्याची खोली तपासायची राहिली, एवढं म्हणेन.

धनाजी : म्हणजे लोक समजणार, धनाजीनं फोडला. तुमी समजलात तसंच.

माधुरी : मी चुकले. पण लोक विचारतील, हे खरं.

गीताबाई : त्याचं नाव कशाला मधी? बिचाऱ्यानं पायतानं झिजवली.

धनाजी : तुमच्या कृपेनं, मावशी.

माधुरी : आत्या, एक सांगा. पाणी नेमकं कुठं टपकत होतं? स्वयंपाकाच्या बाजूला?

गीताबाई : न्हाई. समोरच्या भितीपाशी. फोटो लावायचा ना, तितंच. वरनं टपटप पडत व्हतं, आनि थोडं भितीवरनं उतरत व्हतं. म्या पुसलं धडप्यानं, परत उतरलं. मग खाली गोनपाट टाकलं, कुनाला आवाज जाऊ नये म्हनून. आनि वर आले.

माधुरी : भिंतीवरून उतरून कुठं जात होतं?

गीताबाई : कुठं जानार? खाली. त्या पांढऱ्या पेटीमागं.

धनाजी : कुठल्या पेटीमागं?

गीताबाई : ती न्हाई का, बटनांची. लाईटची.

धनाजी : बोर्डामागं?

गीताबाई : व्हय. का? असे का बघताय दोघं?

धनाजी : लाईट चालू होती का काल?

गीताबाई : न्हाई. आज जोडनारेत म्हनं, साहेब आल्यावर.

माधुरी : त्या भिंतीच्या पलीकडं कोण आहे, आत्या?

गीताबाई : ठकुबाई.

माधुरी : तिच्या नवऱ्याची खाट कुठं लावायची ठरलीय?

गीताबाई : ...भितीला. त्येला उठता येत न्हाई, म्हनून भितीला टेकून बसवायचं म्हनत व्हती.

माधुरी : आणि दोन्ही खोल्यांचे बोर्ड त्याच भिंतीला आहेत, पाठीला पाठ लावून. लाईट जोडली की ओल्या भिंतीत करंट उतरणार, आणि तिलाच तो टेकून बसेल. पावसाळाभर.

गीताबाई : म्या... माझं काय ते माझ्यापुरतं व्हतं गं. गळंल ते माझ्या डोक्यावर गळंल, एवढंच आलं मनात.

धनाजी : मला पण तेवढंच वाटलं, मावशी. मी तर डांबर मारायला निघालो होतो.

गीताबाई : त्येला हाक मारायला पन येत न्हाई धड. नुसता हात हलिवतो.

माधुरी : आत्या, बसा जरा. चहा घ्या तुम्हीच.

गीताबाई : मला नको चहा. ती मातीची पाटी दे हिकडं.

माधुरी : कशाला?

गीताबाई : बांध म्या फोडला. म्याच घालनार. धनाजी, विहिरीवरची मोटर चालू कर खाली.

धनाजी : मावशी, साहेब निघालेत वेल्ह्यातनं.

गीताबाई : निघू दे की. स्लॅब प्यालेला हाय आतून. काल अंधार पडता पडता सोडलं पानी. परत भरलं की टपकायला येळ न्हाई लागायचा.

धनाजी : मांडवात लोक नटूनथटून बसलेत. ठेकेदाराचा माणूस पण येतोय. आणि त्यांच्यासमोर मी गळकं छत दाखवू?

माधुरी : तुम्ही नका दाखवू. मी दाखवते. लाईट जोडू नका, एवढंच वायरमनला सांगा.

धनाजी : आणि चाव्यांच्या फिती?

माधुरी : राहू देत बांधलेल्या. ग्रामसभेत ठराव करू. तारीख घालून दुरुस्ती, आणि तोवर शाळेच्या रिकाम्या खोल्यांत सोय. ती मागणी तुम्ही मांडा. तुमच्या तोंडून आली तर लोक ऐकतील.

धनाजी : मी मांडू? चांगलंय! सरळ सरळ भांडण लावताय माझं खात्याशी.

माधुरी : तुम्ही भांडूनच ही कुलपं काढलीत ना?

धनाजी : ...लोणी लावू नका. मोटर चालू करतो. आणि साहेबांना फोन लावतो, मार्गासनीत चहाला थांबा म्हणून, हार यायचाय म्हणतो. तेवढ्यात काय भरायचं ते भरा. पण बांध धनाजीनं फोडला असं कोणी म्हणालं ना...

गीताबाई : म्या उभी राहीन. मांडवात, सगळ्यांसमोर. म्या फोडला म्हनीन. जा तू.

धनाजी : तुमी काय बोलू नका मावशी. नुसतं शेजारी बसा माझ्या. चाललो.

माधुरी : आत्या, तो दगड काढू का मी?

गीताबाई : नको, तुला न्हाई जमायचं, माती सुटंल. हां. आता पाटी आन. दाब. पायानं न्हाई, तळहातानं दाब. हाताला कळतंय कुठं पोकळ हाय ते.

माधुरी : यंदाचा पाऊस शेडात काढावा लागला तर...

गीताबाई : भांडी हायत की सरकवायला. सवय हाय. आलं बघ पानी.

माधुरी : आलं. मी खाली जाते, खोलीत थांबते.

गीताबाई : जा. आनि ऐक, ते गोनपाट उचल खालचं. टपकलेलं ऐकू येऊ दे.