मोठीमाय कमी होऊन राहिली

नाही वो ताई, टाक्याचं भेव तं मनातून काढूनच टाका — टाके कशाचे, बारके बारके छेद असतात, आता माहे मलेच शोधा लागतात. ते सिस्टर सांगून गेली ना, मैनाबाई, यायले जरा धीर द्या म्हणून — दरवेळी असंच करते ती, मी तपासणीले अकोल्याले आली का कोणी ना कोणी नवीन पेशंट आणून बसवतेच माह्या बाजूले. अन् मीबी बोलतो, मले बरं वाटते. तं आयका. हे पोट लहान कराचं ऑपरेशन सोपं आहे. अवघड ते मंगचं आहे. सुरुवातीले वजन असं उतरते का ब्लाउज घाला अन् ढिला, घाला अन् ढिला — अन् मंग एक दिवस ते थांबते. काही कारण नाही. तेवढंच वाटीभर खाता, तेवढंच चालता, अन् काटा हालत नाही म्हणजे नाही. लोक इचारतात — कावून मैनाबाई, वाया गेलं का ऑपरेशन? — अन् तुमालेच वाटाले लागते का गेलं बा खरंच. तवा काट्याकडं पाहाचंच नाही. दुसरीकडं पाहाचं. आमचं दर्यापूरकडं वावर आहे, शेवंती अन् भाजीपाला लावतो आमी. आधी तोडाईच्या वक्ती मी बांधावर बसून राहो, वाकताच येत नव्हतं — यंदा बायकायसंग ओळीनं शेवंती तोडली मी. काळीपिवळी जीपचा ड्रायव्हर मले पाहून तोंड फिरवे, आता म्हणते, सरका मावशी, अजून एक बसते. असं पाहा लागते ताई. धीर धरा लागते. अन् धीर सुटला का —

नाही, काही नाही. बहिणीची आठवण आली. रागिणी. माही लहान बहीण, इथीच अकोल्यात दिली होती. आमी दोघी सारख्या — चेहरा सारखा, अंग सारखं, मागून पायलं तं मायबी चुके. एका ताटात जेवलो लहानपणी. अन् हासणं तिचं — पोट धरून हासे, तोंडातून आवाज निघे ना, नुसतं अंग हाले. ऑपरेशन दोघींनी संगंच कराचं ठरवलं होतं आमी. पण तिची शुगर लय वाढली होती, डॉक्टर म्हणे, आधी शुगर खाली आणा, मंग घेऊ. म्हणून माहा नंबर आधी लागला. माह्या खाटेजोळ बसून चमच्यानं पाणी पाजे मले — थांब, आता एक चमचा, थांब — अन् म्हणे, बाई, तू कमी होऊन दाखव, मंग मी येतोच तुह्या मागं.

कुठची येते. सकाळच्या पारी अंगणात कपडे वाळू घालून राहिली होती. दोरीवर हात टाकला अन् तशीच खाली बसली. घरच्यायले वाटलं चक्कर आली. दवाखान्यात नेलं तं डॉक्टर म्हणे, हृदय बंद पडलं, आणाच्या आधीच.

आचल, तिची पोरगी, तवा बालवाडीत जाये. मी पोचली तं घरात माणसंच माणसं — ते लेकरू त्या गर्दीतून नीट माह्याकडं आलं, मांडीवर चढलं, पोटात तोंड खुपसलं अन् झोपून गेलं. तिच्या आईले उचललं, नेलं, तरी उठलं नाही. तिले वाटलं असन का आई सापडली. जवाई, आचलचे बाबा, ट्रकवर असतात, महिना महिना बाहीर — तवापासून ती आमच्याचकडं. आमाले लेकरू नाही. माहे मालक, खुशालराव, म्हणाले, देवानं दिलं. पण कोणाचं घेऊन दिलं ते मले माहीत होतं ना.

मंग मले कमी होणं भागच होतं का नाही, सांगा? रागिणीवानी माहं झालं तं या लेकराले कोण पाहीन? असं म्हणत म्हणत मी बांधाबांधानं चालो, सकाळी चालो, संध्याकाळी चालो, काटा हालो का न हालो. अन् एक दिवस मी वेणी घालून देऊन राहिली तिची, तं इचारते — मोठीमाय, तू कुठी चालली? म्हटलं, कुठीच नाही वं. म्हणे — मंग अशी कमी कमी कावून होऊन राहिली?

तिच्या लेखी आई म्हणजे हे अंग. हे पोट, हे दंड. एक आई तं एका सकाळी सरली, अन् ही दुसरी डोळ्यादेखत थोडी थोडी सरून राहिली.

रागिणी घरात चाले ना, तं मांडणीवरचे गिलास वाजत. माहेबी वाजत आधी, आता नाही वाजत. तं एक दिवस भर दुपारी मी गॅसपुढं उभी, आचल खाली चित्र रंगवत बसली होती, अन् गिलास वाजले. मी जागची हालली नव्हती ताई. ट्रॅक्टर गेला असन म्हणून बाहीर जाऊन पायलं — रस्ता रिकामा. आत आली तं हे लेकरू खाली मान घालून रंग देऊन राहिलं, अन् हासून राहिलं. आवाज नाही. नुसतं अंग हालते. … हे मी कोणाले सांगितलं नाही अजून, खुशालरावालेबी नाही. तुमाले कावून सांगितलं, कोण जाणे.

त्याच दिवसापासून मले चाराले लागली ती. शिरा केला का आपला अर्धा ठेवे — खाय मोठीमाय, मंग तू भरशीन. आता मले गोड चालत नाही, डॉक्टर तुमालेबी सांगतीन ते — खाल्लं का दरदरून घाम फुटते, छाती धडधडते, आडवं पडा लागते. मी खाये. त्या हाताले कसं नाही म्हणू? खाये अन् मंग मोरीत नळ सोडून बसो, माहं कण्हणं तिले ऐकू जाऊ नाही म्हणून. इकडं डॉक्टर म्हणत, शरीर थांबते कधी कधी, धीर धरा मैनाबाई. मी मान हालवो.

मंग एका खेपीले काट्यावर उभी राहिली तं वजन वाढलेलं. सिस्टरचं तोंड उतरलं. अन् मले हासू आलं ताई. आतून. पोट हाललं, अंग हाललं, अन् तोंडातून आवाज निघेना. मी तशी कदीच हासत नाही. ते हासणं माहं नव्हतंच. घरी जाताना बसच्या काचेत चेहरा पायला — गाल भरून आले होते — अन् हळूच म्हटलं, रागिणी, अवं किती दिवस राहाचं आहे तुले माह्याजोळ? बाजूची बाई उठून दुसऱ्या सीटवर गेली.

तवा घाबरली मी. घरी जाऊन आचलले पुढ्यात बसवलं. म्हटलं, तुही आई लय जड झाली होती, बाई, तिच्या हृदयाले झेपलं नाही, म्हणून गेली. मी हलकी झाली तं राहीन तुह्याजोळ. ती मंग म्हणे, तं ते दुपारी कोण येते? म्हटलं, कोणी नाही, वारा असते. तिनं वाटीतला शिरा डब्यात टाकला, झाकण लावलं, डबा वर ठेवून देला. तवापासून एक घास नाही चारला मले. मांडीवरबी नाही आली. झोपते बाजूलेच, पण मधात हातभर जागा सोडते. मी सरकली का तीबी सरकते, जागा तेवढीच ठेवते.

अन् वजन उतरून राहिलं आता. हळू हळू, पण उतरून राहिलं. आजबी उतरलं — सिस्टर किती खूष झाली, म्हणून तं तुमाले माह्याजोळ आणून बसवलं. मीबी खूषच आहे. खूष नाही तं काय? तुमी करा ऑपरेशन, ताई. करू नोका असं माहं म्हणणं नाहीच. रागिणीचं येळेवर झालं असतं तं —

ते पाहा, आली ती. खुशालराव खाली चहा प्याले घेऊन गेले होते. चूप राहा आता, तिच्यासमोर हे काहीच नोका काढू, पाया पडतो तुमच्या.

ये वं आचल. बस इथी, माह्याजोळ. — तिकडं कावून चालली? ही खुर्ची रिकामी आहे ना. —

काय म्हटलं? रिकामी नाही?

… ताई, तुमाले आत बोलावून राहिले. जा तुमी. जा ना, बापा.