दादाचा सोलो

बापटकाकांना तुम्ही नुसतं मॅनेजर म्हणता ना, मग हे ऐका.

काकांनी माझ्या मोठ्या भावाच्या, दादाच्या जुन्या रॉक बँडला इतक्या वर्षांनी पुन्हा उभं केलं आणि शो तोंडावर आला असताना दादाच गेला. काकांनी शो रद्द केला नाही. गिटारवर भोपाळचा एक पोरगा आणला.

शोमध्ये दादाचं गाणं आलं. त्या पोराने दादाचा सोलो सुरू केला आणि माझं डोकं फिरलं. मी सरळ स्टेजवर चढलो आणि त्याच्या गिटारची वायर उपटली. सगळा बँड थांबला. ड्रमवाले जोशीकाका काठ्या हवेत धरून बसले.

बापटकाका आले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी हळूच विचारलं, "क्या हुआ, छोट्या?"

"इथे दादाशिवाय कोणी वाजवायचं नाही."

"ठीक है, नहीं बजाएगा." काका ड्रमकडे वळले. "जोशी, तू ताल धर. गिटारची जागा रिकामी सोडा."

त्या रिकाम्या जागेत पब्लिकने दादाचा अख्खा सोलो तोंडाने गायला. जयेंद्रगंज, माधवगंज या आमच्या मोहल्ल्यांतली त्याची सगळी जुनी दोस्तमंडळी होती, टकलं पडलेली. मी स्टेजवरच बसून रडलो.

खाली उतरल्यावर मी काकांचे पाय धरायला वाकलो, तर म्हणाले, "वो सब बाद में. पुढच्या शोलाही त्याच जागी वायर तूच काढायचीस. फक्त जरा हळू काढ, आज सॉकेट तोडलंस."