लांब दांड्याची तोटी

—नाही, उचलायचा नाही. त्या हमालाला सांगा दोरी सोडायला. फ्रिज तुमचाच आहे काका, कोण नाही म्हणतंय—तुमच्या वडिलांचा, सायीच्या रंगाचा, गोल खांद्यांचा, सगळं कबूल. पण काम अर्धं आहे आणि अर्धं काम या दुकानातून बाहेर जात नाही. हा माझा नियम नाही, दादाचा आहे. दादा गेला म्हणून नियमही गेला असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही सांगताय का? नाही ना. मग बसा. त्या स्टुलावर नको, तो दादाचा. या डब्यावर बसा. आणि फ्रिजच्या पलीकडे जाऊ नका, तिकडे पसारा आहे. चहा विचारत नाही—खोटं कशाला बोलू, तुम्हाला चहा पाजायची इच्छाच नाही माझी.

दुसरा मेकॅनिक बघितलाय म्हणता. बघा की. तो काय करेल सांगू? सरळ दारात भोक पाडेल. दारात नळ्या नसतात, डोळे मिटून पाडावं. दादाने पहिल्याच दिवशी तुम्हाला तेच सांगितलं होतं—काका, आत बियरचा पिंप, त्याच्या शेजारी बियर ढकलायला गॅसची टाकी, दारात तोटी, तुम्ही ग्लास लावा आणि प्या. तर तुम्ही काय म्हणालात? दाराला हात लावायचा नाही. का, तर वडील दाराची मूठ धरून उभे राहायचे, आतला गार वारा खात. आता मला सांगा, वडील बियर प्यायचे का तरी? नाही ना. म्हणजे त्यांच्या फ्रिजात बियरचा पिंप चालतो, फक्त दाराला टाचणी टोचलेली चालत नाही. मी तेव्हाच तोंडावर बोलणार होतो. दादाने माझा पाय दाबला. तुम्ही गेल्यावर म्हणाला, भडक्या—मला भडक्याच म्हणायचा तो, का ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल—म्हणाला, गिऱ्हाईक खुळं असलं तरी फ्रिज शहाणा आहे, चल बाजूने करू.

बाजूने म्हणजे काय, माहितेय तुम्हाला? या जातीच्या फ्रिजला बाजूच्या पत्र्याआड गरम नळी फिरते, नागमोडी. ड्रिल तिला लागलं की फुस्स—फ्रिजचा गॅस गेला, आणि या वयाच्या फ्रिजचं मग कपाट होतं. म्हणून आधी नळी शोधायची. कशी—तर कॉर्नफ्लोअर स्पिरिटमध्ये कालवायचं, पत्र्यावर पातळ फासायचं, फ्रिज चालू करायचा आणि हातावर हात ठेवून बसायचं. जिथे आड नळी असते तिथला पत्रा कोमट होतो, तिथलं आधी वाळतं, आणि ओल्या लेपात पांढरी रेघ उठते. दादाने असंच केलं. दोन रेघांच्या मधे बोटाने गोल काढला. म्हणाला, इथे. आणि मग तोटी लावून बघितली तर पुरेना. बाजूची भिंत दारापेक्षा जाड, आमच्याकडच्या सगळ्या तोट्या आखूड—या बघा, फळीवर पडल्यात, दारात आरामात बसल्या असत्या. लांब दांड्याची हवी होती. ती आणायला निघाला. जाताना म्हणाला, लेपाला हात लावू नकोस, आलोच.

नाही, तुम्हाला दोष देत नाही मी. टेम्पो काय तुम्ही चालवत नव्हता. मला एवढंच म्हणायचंय की त्याला त्या रस्त्याला जायचं कारण नव्हतं. काही कारण नव्हतं. फळीवर तोट्या पडल्या होत्या काका.

आणि बाहेरचे कशाला, घरातलेच कमी आहेत का—दवाखान्यातून त्याला घरी आणायचं होतं, लोक जमणार, दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, तर वहिनी उठली आणि झाडायला लागली. तिला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. हाताला काहीतरी हवं होतं तिच्या. झाडलं, हत्यारं पुसली आणि फ्रिजला पीठ लागलंय म्हणून ओलं फडकं फिरवलं. मी आलो तर पत्रा चकाचक. रेघा नाहीत, गोल नाही. मी तिला चार माणसांत म्हणालो—वहिनी, त्या टेम्पोवाल्याने अर्धाच मारला होता, उरलेला तू पुसलास. हो, म्हणालो. तुम्ही नका तोंड वाकडं करू. तेव्हापासून ती ताट आणून ठेवते आणि आत जाते. नेहमी ओरडायची, हात धू आधी, ग्रीस पोटात जातंय. आता ग्रीसच्या हाताने जेवतो, समोर बसून जेवतो, तरी बोलत नाही.

त्यामुळे आता खूण गेली, नळी कुठे आहे कुणाला ठाऊक नाही, म्हणून काम अडलंय. समजलं? हेच कारण. दुसरं काही—अहो, तिकडे जाऊ नका म्हटलं होतं ना. काका. इकडे या, बसा डब्यावर.

हो, ओलंच आहे. मीच लावलंय. तुम्ही यायच्या जरा आधी. काल? काल पण लावलं होतं. रोज लावतो, झालं समाधान? रेघ तिथेच उठते, दादाची होती तिथेच—नळी थोडीच कुठे जाणार आहे. सगळं जमतं मला. त्यानेच शिकवलंय, न जमायला काय झालं. गोल तेवढा काढायचा असतो. बोट नेतो तिथपर्यंत आणि... मग पुसून टाकतो. फडक्याने. वहिनीने एकदाच पुसलं. मी रोज पुसतो.

काय म्हणालात?

दारात चालेल? आता चालेल? तुमच्या वडिलांच्या दाराला आता भोक चालतंय, वा. हे तेव्हा का नाही सुचलं? तेव्हा म्हणाला असतात तर ती आखूड तोटी घेऊन तो इथे उभा असता, शीळ घालत, आणि मला म्हणाला असता, भडक्या, काकांना ग्लास दे. डोळे पुसू नका, मला नका दाखवू ते. उठा. उठा त्या डब्यावरून, मला त्यातलं सामान हवंय.

ही बघा. दवाखान्याने पिशवी दिली त्यात होती, कागदातच. लांब दांड्याची. कागदसुद्धा फाटलेला नाही. कशी धरली असेल त्याने—जाऊ दे. ही दारात बसत नाही काका, दांडा हातभर आत लोंबेल. ही बाजूच्या भिंतीची आहे. त्याने बाजूची आणलीय, तर बाजूनेच होणार. तुमच्या वडिलांसाठी नाही, गैरसमज नको.

तो प्लग काढा. ओढा नीट, वायर धरून नाही. हमालाला सांगा फ्रिज इकडून टेकू देऊन धर. आणि ते आत घरात जायचं दार—नाही, लावू नका. उघडंच राहू दे. आहे ती तिथे, मघापासून उभी आहे, पदर दिसतोय मला. ऐकू दे तिला.

इथे. या दोन रेघांच्या मधे. हा गोल.

आता एक नियम आहे. ड्रिल चालू असताना कुणी बोलायचं नाही. कानाने पाडायचं असतं भोक—आधी पत्रा किंचाळतो, मग मऊ लागतं, मग आतली भिंत, आणि आवाज जरा बदलला की हात तिथेच थांबला पाहिजे. दादा तर श्वाससुद्धा घेऊ द्यायचा नाही. तेव्हा गप्प. तुम्ही गप्प, हमाल गप्प. आणि मीही.