डीलरचं थोरलं अक्षर

...आणि वर प्रेस्कॉट विचारतो, यात एवढं भांडण्यासारखं आहे काय? आहे काय म्हणजे? तिकडे म्हातारा पुस्तक काखोटीला मारून निघालाय, इकडे व्हर्नाची नोकरी टांगणीला लागलीय, आणि हे सगळं कशापायी, तर एका अक्षरापायी, तुम्हाला सांगतो, एका अक्षरापायी.

तुमचं बरं आहे हो. तुमच्या देवनागरीत सगळी अक्षरं एकाच रेघेला लोंबकळून गुण्यागोविंदानं नांदतात. इंग्रजीत तसं नाही. तिथे प्रत्येक अक्षराची दोन रूपं, एक थोरलं, एक धाकटं, आणि थोरलं मिळतं फक्त वाक्याच्या तोंडाशी, नाहीतर खास नावाला. बाकी सगळ्यांनी धाकट्यात भागवायचं. आता आमचं अमेरिकेतलं रीनो गाव, म्हणजे नदीपासून स्टेशनापर्यंत कसिनोच कसिनो, आणि त्यातच या प्रेस्कॉटचं पत्त्याजुगाराची पुस्तकं छापणारं प्रकाशन, आणि तिथे व्हर्ना स्टॅडलर लाल पेन्सिल कानाला खोचून प्रुफं तपासते. नियम प्रेस्कॉटचा, पेन्सिल व्हर्नाची. खेळाचं नाव धाकट्यात. पोकर धाकटा, रुलेट धाकटं, आणि ज्या ब्लॅकजॅकवर अख्खं गाव जेवतं तो ब्लॅकजॅकही धाकटा, का, तर आपण पावाला थोरलं अक्षर लावतो का? झालं. पत्त्यातला राजा, डोक्यावर मुकुट, हातात तलवार, पण अक्षर धाकटं. आणि टेक्सास होल्डएम म्हणून पोकरचा एक प्रकार आहे, त्यातलं टेक्सास मात्र थोरलं, कारण ते राज्य. म्हणजे राजा धाकटा आणि राज्य थोरलं. विचारायची सोय नाही.

तर अशा या प्रकाशनात आला लेस्टर कुबियाक. जन्मभर कसिनोत ब्लॅकजॅकच्या टेबलाशी उभं राहून पत्ते वाटलेला माणूस, आता हात थरथरतात म्हणून घरी बसलेला. बसल्या बसल्या काय करणार? पुस्तक लिहिलं. खेळ कसा खेळावा, माणसं कशी हरतात, सगळं. आणि पुस्तकभर जिथे जिथे डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा, तिथे तिथे थोरलं अक्षर. व्हर्नानं काय केलं? जे पगार घेऊन करायचं तेच. प्रत्येक डीलरच्या डोक्यावर तिरकी लाल रेघ, म्हणजे याला धाकटं करा. पानांवरून पायाला कापलेली कोंबडी फिरून गेल्यासारखं दिसायला लागलं.

लेस्टर प्रुफं घेऊन आला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "व्हर्ना, हे काय केलंस?"

"नियम आहे, लेस्टर. सुतार, शिंपी, तसा डीलर. तो हुद्दा झाला, नाव नाही झालं."

"आणि टेबलावरच्या हिरव्या कापडावर काय छापलेलं असतं? डीलरनं सतरा गुणांवर थांबलंच पाहिजे. सगळं थोरल्या अक्षरात. आयुष्यभर त्याच्याकडे बघत उभा राहिलोय मी."

आतल्या खोलीतून प्रेस्कॉटचा आवाज आला, नाकातून, जसा त्याचा नेहमी येतो: "कापडावर विमा नावाची जादाची पैजही थोरल्यातच छापतात, लेस्टर. म्हणून आम्ही काय विम्याला सलाम ठोकायचा?"

लेस्टर त्याच्याकडे वळलाच नाही. व्हर्नालाच म्हणाला, अगदी हळू, "माझ्या छातीवर नावाची पट्टी असायची. गिऱ्हाईक जिंकलं तर त्याचं नशीब, हरलं तर, ए, पत्ते नीट पिस. पट्टी कोणी वाचली नाही. म्हटलं निदान आपल्या पुस्तकात तरी... पण जाऊ दे. नका छापू." आणि प्रुफं उचलून निघाला.

व्हर्ना दुपारी कोपऱ्यावरच्या हॉटेलात ॲपल पायच्या बशीसमोर नुसती बसून राहिली. हिनं आजवर स्वल्पविरामासाठी माणसं रडवलीत, आणि आज घास उतरेना. एका अक्षरापायी, तुम्हाला सांगतो. उठली आणि सरळ प्रेस्कॉटकडे. तो काय म्हणाला असेल? "आज डीलरला दिलं, की उद्या फासेवाला येईल, परवा गाड्या लावणारा. वाक्याच्या मध्ये एक जरी थोरलं दिसलं ना, तर पेन्सिल दुसरीकडे चालव."

वाक्याच्या मध्ये. हे तोच म्हणाला हं, व्हर्ना नाही.

ती लेस्टरच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. म्हणाली, "लेस्टर, तुमचा डीलर प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी आणून उभा केला तर? तिथे त्याला थोरलं अक्षर कोण नाकारतो बघू." म्हातारा खुलला. पण इंग्रजी कुठे सुखासुखी ऐकतंय? डीलरच्या आधी ते 'द' म्हणून एक उपपद लुडबुडतं, ते पुढे घुसून थोरलं अक्षर स्वतःच खाऊन टाकतं. व्हर्ना कपाळाला हात लावून बसली, तर लेस्टर म्हणतो, "टेबलावर 'द' कोण म्हणतं? डीलर थांबतो. डीलर पत्ता घेतो. संपलं." मग काय, कॉफीवर कॉफी, आणि वाक्यांची मोडतोड. 'खेळाडूने आपला आनंद डीलरसमोर प्रकट करू नये' होतं, त्याचं झालं, 'डीलर बघतोय. हसू नका.' लेस्टर सांगायचा, ती लिहायची, आणि लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं की आता कुठे हा माणूस पुस्तकात बोलायला लागलाय.

प्रेस्कॉटनं नवी प्रुफं उलटीपालटी करून पाहिली. भिंग घेतलं. मान लाल झाली.

"वाक्यं फार तुटक झालीत."

"नियम मोडलाय का?"

"नाही."

"मग छापा."

छापलं बरं का. प्रकाशन सोहळा लेस्टरच्या जुन्या कसिनोतल्याच जेवणाच्या दालनात, सगळी जुनी मंडळी आलेली, लेस्टर थरथरत्या हातानं सह्या करतोय, आपलं नाव किती मोठं काढावं याला काही धरबंध नाही, आणि व्हर्ना कोपऱ्यात, आयुष्यात पहिल्यांदाच कोणावर तरी उपकार केल्यासारखी उभी. तेवढ्यात आली डोरीन. याच कसिनोत लेस्टरच्याच टेबलांवर वर्षानुवर्षं पेयांचे ट्रे फिरवलेली. चष्मा चढवला, पानं चाळली.

"छान झालंय गं. मीही आहे यात, बरेचदा. हे वेट्रेसनं आणलं, ते वेट्रेसनं उचललं."

"आहेस ना," व्हर्ना म्हणाली.

"धाकट्या अक्षरात." डोरीननं पुस्तक हलकेच मिटलं. "आमच्यापासून एकही वाक्य सुरू होत नाही वाटतं?"

कुठला नियम दाखवणार? व्हर्ना कानावरची लाल पेन्सिल चाचपत मटकन खुर्चीत बसली. चार माणसं बघत उभी राहिली. आणि तिच्यासाठी पाणी आणायला उठलं कोण म्हणता... डोरीनच.