साफ केलेला पक्षी

मी मूळचा शिंदखेड्याकडचा. वडील शिंपी होते, घरात आम्ही बठ्ठे, म्हणजे सगळे, अहिराणी बोलायचो, अजूनही घरी तीच, पण पस्तीस वर्षं फोटोच्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून माझी जीभ अशी मधलीच होऊन बसली, ना धड अहिराणी ना धड तुमच्यासारखी पुस्तकातली. शिवणकामात माझं चित्त लागेना म्हणून वडिलांनी मला चोपड्याला मामाकडे धाडलं. मामाचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, माडीवरची एक खोली, उत्तरेच्या अंगाला छपरात काच बसवलेली, आन् मागे एक पडदा, त्याच्यावर जिना आणि फुलदाणी रंगवलेली. मामा गेला, खोली राहिली, आणि आता त्या खोलीत मी राहिलो.

मामा म्हणायचा, एकनाथ, फोटो काढणं कोणालाही येतं, आपलं काम नंतर सुरू होतं. ते नंतरचं काम म्हणजे रिटचिंग, आम्ही त्याला साफ करणं म्हणायचो. निगेटिव्हमध्ये बठ्ठं उलटं दिसतं, हे तुम्हाला माहीत असंल. माणसाच्या तोंडावर काळा डाग असला की निगेटिव्हवर तिथं कोरी जागा राहते, तिथं सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन बारीक बारीक ठिपके भरायचे, मग छापताना डाग गेलेला असतो. आणि कुठं नको तिथं पांढरं उमटलं असलं तर पात्यानं हलकेच खरवडायचं, म्हणजे तिथं काळं येतं. त्या काळात देवीचे वण किती तोंडांवर होते, काय सांगू तुमले, दर तिसऱ्या पोरीच्या. आणि पोरीचा बाप जिना चढून यायचा आणि म्हणायचा, भाऊ, फोटो चांगला काढा, मोठ्या माणसांकडे जायचा आहे. चांगला काढा म्हणजे काय ते मला समजायचं, त्याला वेगळं सांगावं लागायचं नाही. मारवाडी शेटजींच्या पोरी, गुजरांच्या पोरी, बठ्ठ्यांचे फोटो जळगाव-धुळ्याकडे माझ्या हातून साफ होऊन गेले. लोक म्हणायचे, एकनाथनी पेन्सिल लगीन जमाडस. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

आता तुम्ही मास्तरांचं विचारता. बिऱ्हाडे मास्तर तापीकाठच्या एका खेड्यात शाळेवर होते, सायकलीवर चोपड्याला यायचे, शाळेच्या पोरांचे ग्रुप फोटो माझ्याकडून काढून घ्यायचे, तशी ओळख झाली. त्यांना पक्ष्यांचा नाद. नाद म्हणजे कसा, माणूस बोलता बोलता मधेच गप्प व्हायचा आणि खिडकीतून वर बघायचा, आणि खिशातली वही काढून लिहायचा. दुर्बीण नव्हती, पुस्तक एकच होतं तेही फाटकं. गावातले लोक म्हणायचे, मास्तरले याड लागनं. कोणाचा अर्ज लिहायचा असला की मास्तर लागायचे, पण त्यांनी नदीवर काय पाहिलं हे कोणी ऐकत नव्हतं, आणि त्यात ते बौद्धवाड्यात राहणारे, म्हणजे आणखीनच कोण ऐकतं. मुंबईला पक्ष्यांचा अभ्यास करणारे एक मोठे साहेब होते, मास्तर त्यांना पत्रं लिहायचे, डिक्शनरी उघडून इंग्रजीत. सात-आठ पत्रं गेली असतील, उत्तर एकाचंच आलं, की तुम्ही लिहिता ते पक्षी तुमच्या भागात संभवत नाहीत, फोटो किंवा पक्ष्याचं भरलेलं कातडं असल्याशिवाय आम्हाला काही म्हणता येत नाही. ते पत्र मास्तरांनी मला दाखवलं होतं. म्हणाले, एकनाथभाऊ, मला काही नको, त्यांच्या मासिकात माझ्या नावाची एक ओळ यावी, की या माणसानं अमुक ठिकाणी अमुक पक्षी पाहिला. एक ओळ.

तर सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट, श्रावणातली. तीन दिवस सुरतेकडून वारं सुटलं होतं, केळीचे बाग आडवे झाले, आणि चौथ्या दिवशी सकाळी मास्तर चिखलानं भरलेले माझ्या जिन्यात उभे. म्हणाले, कॅमेरा घ्या आणि चला, आत्ता चला. मी म्हटलं मास्तर, कॅमेऱ्यात शेटजींच्या नातवाच्या जावळाचा रोल आहे, तीनच फोटो उरलेत, फिल्म मिळत नाही. ते म्हणाले, तीन पुष्कळ झाले.

नदीवर गेलो. भोई लोकांनी एक पक्षी धरून ठेवला होता, वाऱ्यानं फेकलेला, दमलेला, टोपलीखाली झाकलेला. टोपली काढली तरी तो पळेना. बदकाहून मोठा, पंख लांबच लांब, चोच सरळ आणि जाड, आणि मास्तरांनी त्याचा पाय उचलून मला दाखवला, बदकाची तीन बोटं पडद्यानं जोडलेली असतात, ह्याची चारही होती. रंगाचं तर काही विचारू नका. मान पांढरी म्हणावी तर तिच्यावर तपकिरी चट्टे, पाठ तपकिरी म्हणावी तर तिच्यात पांढरी पिसं मधे मधे घुसलेली, कुठं जुनं पीस लोंबतंय, कुठं नवं अर्धं फुटलंय. म्हातारा भोई म्हणाला, दादा, हाऊ आठला नही शे, आमना बापनीबी असा दखा नही. म्हणजे हा इथला नाहीच. मास्तरांनी त्याचा पंख उलगडून बघितला. ते म्हणाले, समुद्राचा आहे, भाऊ, हा समुद्राचा आहे, आणि आपल्या तापीवर आलाय.

मास्तर पुढं बरंच काही सांगत होते. पक्षी पिसं बदलतो, हा बदलता बदलता मधेच सापडला, असं काहीतरी. आता मी रोज आठवून बघतो की त्यांनी मला ते चट्टे महत्त्वाचे आहेत म्हणून सांगितलं होतं का. सांगितलं असंल. पण मी कॅमेऱ्यात डोळा घालून बसलो होतो, उजेड जात होता, ढग येत होते, आणि माझ्या कानात शिरलं ते एवढंच, शेवटी निघताना म्हणाले ते. भाऊ, फोटो चांगला द्या, मोठ्या माणसांकडे जायचा आहे.

तीन फोटो काढले. एकात पक्षी हलला, एकात त्यानं मान पंखात घातली, एक मात्र असा आला की काय सांगू, डोळ्यातला उजेडसुद्धा दिसत होता. मास्तरांनी पत्र आधीच लिहून ठेवलं होतं, पाकिटावर पत्ता घातला होता, ते पाकीट माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, पाऊस वाढला तर नाला भरतो, मला यायला जमणार नाही, तुम्ही फोटो घालून टपालात टाका, उशीर नको. दुसऱ्या दिवशी तो पक्षी मेला. मास्तरांना कातडं काढून भरता येत नव्हतं, आणि त्यांना वाटलं फोटो आहेच की. त्यांनी तो शाळेमागे कडुलिंबाखाली पुरला, पोरांना रांगेत उभं करून.

आणि मी इकडे काय करत होतो. मी खिडकीशी रिटचिंगच्या मेजावर बसलो होतो. निगेटिव्ह लावलं आणि बघतो तर काय, बठ्ठ्या अंगावर डाग. मला वाटलं बिचारा आजारी होता, खरूज झालेली, पिसं गळलेली, आणि एवढ्या मोठ्या साहेबाकडे असा फोटो जाणार, मास्तरांची काय शोभा राहणार. अहो, मी विचारसुद्धा केला नाही हो, हातच चालायला लागला. मानेवरचे चट्टे पेन्सिलीनं एक एक करून भरले. पाठीवरची पांढरी पिसं पात्यानं खरवडली. दीड दिवस बसलो. इतकं बारीक काम मी कोणत्या शेटजीच्या पोरीचं केलं नव्हतं. छापून काढला तर पक्षी असा दिसला, मान दुधासारखी पांढरी, पाठ एकसारखी काळपट, नवरदेव जसा. मी एक प्रत स्टुडिओच्या काचेच्या पेटीत, गिऱ्हाइकांना दिसंल अशी लावली आणि एक पाकिटात घालून टपालात टाकली. मला वाटलं मास्तर खूश होतील.

महिन्यानं मास्तर आले. बसले नाहीत. हातातलं पत्र माझ्यापुढे धरलं आणि मला इंग्रजी येत नाही म्हणून स्वतःच वाचून मराठीत सांगितलं, शाळेत धडा समजावतात तसं, सावकाश. साहेबानं लिहिलं होतं, तुम्ही पत्रात मानेवर चट्टे लिहिता, फोटोत नाहीत. पाठीवर पांढरी पिसं लिहिता, फोटोत नाहीत. असला रंग या कुळातल्या कोणत्याही पक्ष्याचा कोणत्याही वयात नसतो, आणि भिंगातून पाहिलं तर पेन्सिलीचे ठिपके स्पष्ट दिसतात, तेव्हा अशा बनावट कामासाठी आमचा वेळ घेऊ नये. मग मास्तरांनी मला सांगितलं की कोणतं पीस बदललंय आणि कोणतं राहिलंय, त्यावरूनच तो किती वर्षांचा आणि कोणत्या जातीचा ते ओळखतात. ते चट्टे म्हणजेच त्याचं नाव होतं, भाऊ, असं म्हणाले. काचेतल्या फोटोकडे त्यांनी एकदा बघितलं. मी मान वर केली नाही. ते म्हणाले, काम मात्र सुंदर केलंत. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मी त्याच दिवशी टर्पेंटाईनच्या बोळ्यानं निगेटिव्ह पुसलं. पेन्सिल निघाली, मानेवरचे चट्टे परत आले, माझ्या जिवात जीव आला. पण पाठ काही आली नाही. पेन्सिल पुसता येते, खरवडलेलं कसं येणार, तिथं फिल्मवरचा थरच गेलेला. बाकीच्या दोन फोटोंत तर काही कळण्यासारखं नव्हतंच. मग मी मास्तरांच्या गावी गेलो आणि आम्ही दोघांनी कडुलिंबाखाली उकरलं. पाऊस आणि मुंग्या, दुसरं काय. चोच निघाली, हाडं निघाली, पिसांचा लगदा झाला होता, काळा, एकाच रंगाचा. मास्तर तो लगदा बोटांनी वेगळा करून बघत राहिले, आणि शाळेतली पोरं खिडकीतून बघत होती.

मी साहेबाला पत्र लिहिलं, मराठीतच, की चूक माझी आहे, मास्तर खरं लिहितात, हा घ्या पुसलेल्या निगेटिव्हचा फोटो, चोचही पाठवतो. टाईप केलेली दोन ओळींची चिठ्ठी आली. पोस्टमास्तरांकडून वाचून घेतली. या विषयावर पुढे पत्रव्यवहार करता येणार नाही. झालं.

त्याच्यानंतर मास्तर माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. ग्रुप फोटोला बोलवायचे, चहा पाजायचे. पण बोलता बोलता वर बघणं गेलं. एकदा आम्ही बाजारातून चाललो होतो, डोक्यावरून बगळ्यांची माळ गेली, मी मुद्दाम म्हटलं, मास्तर, बघा. ते म्हणाले, हो, आणि भाजी निवडत राहिले. वहीचं विचारलं तर म्हणाले, आता काय लिहायचं, कोणाला लिहायचं. नंतर त्यांची बदली माझ्याच शिंदखेड्याकडे झाली, आणि तिकडेच काविळीनं गेले. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती.

त्यांच्या घरच्या बाई आल्या माझ्याकडे, भिंतीला लावायला फोटो पाहिजे म्हणून. मी जुन्या ग्रुपमधनं त्यांचं तोंड मोठं करून दिलं. मास्तरांच्या तोंडावर देवीचे वण होते, खोल. मी पेन्सिल हातात घेतली नाही. मला वाटलं, एवढं तरी त्यांचं त्यांच्याजवळ राहू दे. बाईंनी फोटो बघितला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाल्या, भाऊ, साऱ्या गावाची तोंडं तुम्ही साफ करून देता, आमच्याच माणसाचं तेवढं राहिलं. मी म्हटलं चुकलं, अक्का, द्या, करून देतो. पण त्यांनी दिला नाही. फोटो त्यांनी धुळ्याहून साफ करून आणला. वर्षाच्या कार्याला मी गेलो होतो, मेणबत्ती लावली, हात जोडले, आणि वर बघितलं तर भिंतीवर एक गुळगुळीत माणूस, मी त्याला ओळखलंच नाही. ओळखलं ते खाली लिहिलेल्या नावावरून.

आता मी अजून तेच काम करतो, दुसरं येत नाही. लोकांना तेच पाहिजे. तो पक्षी कोणता होता हे कोणाला कळलं नाही आणि आता कळायचंही नाही. तुम्ही हे लिहून घेताय, घ्या, तुमचं भलं होवो, फक्त मी बोललो तसंच राहू द्या, माझं हे वेडंवाकडं बोलणं साफ करू नका. नाही करणार म्हणता. पण तुम्ही कराल, भाऊ. मुद्दाम नाही करणार, हाताला सवय असते.